तिलारी : घाटमाथ्यापासून शापोऱ्याच्या मुखापर्यंत

तिलारीचे नाव काढले की बहुतेकांना धरण आठवते. नदी मात्र धरणाहून कितीतरी जुनी, आणि खरे सांगायचे तर त्याहून देखणी आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगड तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर तिचा उगम आहे. त्याच माथ्यावरच्या ताम्रपर्णी आणि घटप्रभा पूर्वेची वाट धरून कृष्णेच्या खोऱ्यात जातात. तिलारी कडा उतरते आणि पश्चिमेला अरबी समुद्र गाठते. उतरण्याआधीच तिलारीनगरजवळ तिला पहिला बांध लागतो. इथले पाणी डोंगराच्या पोटातून थेट खाली कोनाळच्या वीजघरात सोडले जाते. तिलारीनगरच्या स्वप्नवेल पॉइंटवर उभे राहिले की ही उडी किती खोल आहे, ते नकाशा न पाहताही कळते.

कड्याच्या पायथ्याशी दोडामार्ग तालुका सुरू होतो आणि नदीचे खरे वैभवही इथेच आहे. दोन्ही काठांना दाट सदाहरित जंगल, डोंगरातून धावत येणारे व्हाळ, पात्रात काळेशार कोंड. पाणमांजरे इथे आहेत, मगरी आहेत, वाघाचा वावर आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले आणि केळी-माडांच्या बागायतींचे रोजचे दुखणे होऊन बसले. हेवाळे-बांबर्डे परिसरात रानजायफळाची एक दलदल आहे. बारमाही पाण्यात श्वास घेण्यासाठी या झाडांची मुळे गुडघे दुमडल्यासारखी चिखलाबाहेर येतात. ही जागा तीन हेक्टरांचीही नाही, पण 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

तेरवण मेढे येथील मोठे धरण हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. 1990 मध्ये करार झाला. पाण्याचा आणि खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा. पाट्ये, सरगवे, आयनोडे, शिरंगे, पाल, केंद्रे ही गावे यासाठी उठली. त्यांच्या शेतांवर आज जलाशय आहे आणि कालव्यांतले पाणी बार्देशातल्या नळांपर्यंत जाते. गोव्यात नळ उघडणाऱ्या किती जणांना या गावांची नावे ठाऊक असतील?

धरणाची काळजी सगळे घेतात, धरणाला पाणी पुरवणाऱ्या जंगलाची कुणी फारशी घेत नाही. काजू आणि रबराच्या लागवडीसाठी डोंगरउतार मोकळे होत गेले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली वृक्षतोड थांबवण्याचा आदेश अखेर 2013 मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला. 2020 मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, तेही 29.53 चौरस किलोमीटरचे. गोव्याचे म्हादई आणि कर्नाटकाचे भीमगड या अभयारण्यांना जोडणारा हा पट्टा मोलाचा आहे, पण नदीच्या मानाने तो तोकडाच.

साटेली-भेडशी, मणेरी अशी गावे मागे टाकत नदी गोव्यात शिरते आणि शापोरा होते. पुढचा प्रवास संथ आहे. एका काठाला पेडणे, दुसऱ्याला बार्देस. कोलवाळ, शिवोली, आगरवाड्याची मिठागरे. मुखाशी दक्षिणेला शापोऱ्याचा किल्ला आणि उत्तरेला मोरजीची वाळू, जिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात.

पाहायला जायचे तर पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास जावे. पाणी तेव्हा भरपूर असते आणि वाटा वाळलेल्या असतात. तिलारी घाटाचा उतार तीव्र आहे, वळणे अवघड आहेत. नवख्या चालकाने तिथे हौस करू नये. कोंडात पोहायला उतरू नये. आणि हत्ती फिरत असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले, तर फोटोचा मोह सोडून मुकाट्याने माघारी फिरावे.