घंटागाडीचा दर सर्वांना सारखा कशाला?

नाशिक शहरात घंटागाडी आली ती 1990 च्या दशकात. आता आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींच्या दारातही गाडी उभी दिसते. पण काही ठिकाणी ती नुसती उभीच असते! कारण साधे आहे. वस्तू घ्यायला शासनाचा निधी मिळतो. गाडी रोज फिरवायला डिझेल आणि माणसाचा पगार लागतो, तो गावालाच उभा करावा लागतो. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा 2020 मध्ये सुरू झाला. त्यात घनकचऱ्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 60 रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपये धरले होते. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला 1 लाख 20 हजार रुपये. एवढ्यात खड्डे, शेड अशी एकदाची कामे निघतात. दर महिन्याचा खर्च निघत नाही.

मग ग्रामसभेत दराचा विषय निघतो आणि वादावादी होते. एक जण म्हणतो, सगळ्यांना सारखे लावा. दुसरा म्हणतो, घरपट्टीबरोबर आरोग्य कर भरतोच की, पुन्हा पैसे कशाचे? हा दुसरा प्रश्न रास्त आहे. सरपंच आणि भाऊसाहेबांनी आरोग्य कराचे किती जमा झाले, गटार-झाडलोटीवर किती गेले, हे आधी फळ्यावर लिहावे. हिशेब दिसला की माणूस देतो.

आधी खर्च, मग दर

समजा, गाव 600 घरांचे आहे. चालकाचे 12,000, मदतनिसाचे 10,000, डिझेल 5,000 आणि दुरुस्ती 3,000, असा महिन्याला 30,000 रुपये खर्च धरू. सरसकट वाटले तर घरटी 50 रुपये पडतात. पण मजुराच्या झोपडीतला कचरा आणि मंगल कार्यालयातला कचरा एक आहे का? एका लग्नाच्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्यांनीच गाडी भरते.

म्हणून जो जास्त कचरा करतो त्याने जास्त द्यावे. 40 दुकाने 150 रुपयांनी 6,000, दहा हॉटेले 400 रुपयांनी 4,000, दोन मंगल कार्यालये 1,500 रुपयांनी 3,000. भंगार विकून 2,000 आले असे धरा. झाले 15,000. राहिलेल्या 15,000 पैकी शंभर भूमिहीन व निराधार घरांकडून 10 रुपये घ्या, बाकी पाचशे घरांना 28 रुपये पडतात. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

ओला कचरा गाडीत कशाला?

खर्च कमी करायचा खरा उपाय आपल्याच मळ्यात आहे. भाजीचा देठ, शिळे अन्न, कांद्याची पात, जनावरांपुढचे उरलेले, हे गाडीत घालणे म्हणजे खत फेकून देणे. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. विटांचे जाळीदार टाके, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. काडीकचरा, शेण आणि माती थराथराने भरली की साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार. ओले घरी जिरले की गाडी एक दिवसाआड फिरवली तरी चालते.

सुक्या कचऱ्यात पैसा आहे, पण तो वेगळा ठेवला तरच. ठिबकच्या जुन्या नळ्या, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या भंगारवाला घेतो. चिखलाने माखलेला मल्चिंग पेपर घेताना तो नाक मुरडतो. तेव्हा माती झटकून, सुकवून गुंडाळी करा. बांधावर पेटवू नका, तो धूर आपल्याच घरात येतो. औषधांच्या रिकाम्या बाटल्या मात्र या भंगारात घालू नका. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि वेगळ्या पोत्यात ठेवा. घरात तेल-पाणी भरायला ती कधीच वापरू नका.

सवलत द्या, दंड नंतर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाचे उदाहरण घ्या. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे पूर्ण कर भरणाऱ्या घरांना ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण फुकट मिळू लागले. कर भरला की बाईच्या हातात पीठ पडते, मग वसुलीला दवंडी कशाला? पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. तिचे सभासद घरटी शुल्क घेतात आणि सुका माल विकून वर कमावतात. गावातल्या बचत गटाला हे काम का देऊ नये? वेगळा करून देणाऱ्या घराला महिन्याला पाच रुपये सूट ठेवली, तर भंगाराचे उत्पन्न वाढून ती बऱ्याच अंशी भरून निघेल.

येत्या ग्रामसभेत नुसता दर मंजूर करू नका. खर्चाचा कागद, घरांची वर्गवारी आणि सवलत हे तिन्ही एकाच ठरावात घ्या. जमा-खर्चाची वही वेगळी ठेवा आणि दर तिमाहीला फळ्यावर लावा. दहा रुपये देणाऱ्या आजीलाही ते कुठे गेले हे विचारता आले पाहिजे. असे झाले तर गाडी ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहणार नाही, तुमच्या दारात येईल.