आपलाही 66 नंबरचाच रस्ता आहे

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथल्या ‘रूट 66’ने अ‍ॅरिझोनाच्या माळावरून आणि मोहावेच्या वाळवंटातून तो मित्रांबरोबर निवांत गाडी हाकत गेला आणि फोनवर तासभर मला तेच सांगत बसला. “मामा, तिकडे लोक गाव गाठायला नाही, रस्ता बघायला निघतात.” मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या आजोळच्या रस्त्याचा नंबरही 66च आहे. त्याला पत्ताच नव्हता. त्याचा दोष नाही. पनवेलहून कोकण, गोवा करत कन्याकुमारीपर्यंत जाणारा आपला महामार्ग 2010च्या नव्या क्रमांकात 66 झाला. त्याआधी इकडे तो 17 होता आणि माझ्यासारख्या जुन्या एसटी ड्रायव्हरच्या तोंडी अजून सतराच येतो.

अमेरिकेतला रस्ता 1926 सालचा. शिकागो ते सँटा मोनिका, सुमारे 3,900 किलोमीटर. पुढे शेजारून रुंद, सरळसोट महामार्ग आले, वाटेतली गावं बाजूला पडली, पेट्रोल पंप आणि खाणावळींना टाळं लागलं. 1985 साली तर सरकारी यादीतून रस्त्याचं नावच गेलं. सेलिगमन नावाच्या अ‍ॅरिझोनातल्या गावात अँजेल डेल्गॅडिलो हा न्हावी होता. 1978 साली नवा रस्ता झाला आणि एका दिवसात त्याच्या दुकानासमोरची रहदारी आटली. त्याने 1987 साली आसपासच्या लोकांना गोळा करून संघटना काढली आणि जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ असा दर्जा मिळवून दिला. आज त्या गावात बस भरभरून पाहुणे उतरतात.

हे ऐकताना मला महाड–पोलादपूर दिसत होतं. 2011पासून आपल्या रस्त्याचं चौपदरीकरण चाललंय. ते रखडलं, खड्ड्यांनी चाकरमान्यांची हाडं खिळखिळी केली, ते सगळं तुम्ही भोगलंय, मी वेगळं काय सांगू? पण रस्ता चांगला झाला की गावं मागे पडतात, ही त्याची दुसरी बाजू. महाड गावाबाहेरून सुटतं, कशेडीचा डोंगर बोगद्यातून. आपल्याकडे वाळवंट नाही, धो धो पावसाचा मुलूख आहे. सावकाश जाण्यासारखा रस्ता मात्र हाच.

मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे हायवेला लागूनच डाव्या अंगाला डोंगरात काळ्या चौकटी दिसतात. ती गांधारपाल्याची लेणी, तिसेक असतील. हजारो गाड्या रोज खालून जातात, वर चढणारा विरळा. पायऱ्या चढून गेलात की भिक्षूंच्या खोल्या, त्यांतले दगडी ओटे, ब्राह्मी लिपीतले लेख आणि कुमार कानभोअ वेण्हुपालित असं एका राजपुत्राचं नाव सापडतं. ओट्यावर पाठ टेकून बसा आणि खाली बघा. नदी, भातखाचरं, हायवे सगळं एका नजरेत येतं आणि लेणी इथेच का खोदली ते न सांगता कळतं. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पाण्यावर माल दासगाव–महाडपर्यंत चढायचा आणि इथून बैलांच्या पाठीवर घाटावर जायचा. म्हणजे हायवे आत्ताचा, पण वाट दोन हजार वर्षांपासूनची.

महाड गावात शिरायचं ते चवदार तळ्यासाठी. तळं नगरपालिकेचं, सार्वजनिक, 1924 सालच्या ठरावाने सर्वांना खुलं. तरी अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना तिथे ओंजळभर पाणी मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करून घेण्याचा प्रकार झाला. 25 डिसेंबरला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावरच्या हक्काचा कोर्टातला शेवटचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. आम्ही ड्रायव्हर लोक 20 मार्चला जादा गाड्या काढायचो. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या बायका उतरायच्या, तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन पाणी डोळ्यांना लावायच्या आणि त्याच गाडीने परत. रायगड बघायला आलेली मंडळी तळं न बघता जातात, याचं मला नवल वाटतं. किल्ल्यापासून तासाभराच्या आतली वाट आहे ही. त्या वाटेवर नाते गाव लागतं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले ते.

महाड सोडलं की सावित्रीचा पूल. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री, नदी फुगलेली असताना, 1928 साली बांधलेला दगडी कमानींचा जुना पूल वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या आमच्या दोन एसटी आणि एक मोटार पाण्यात गेली. अंधारात पुढे पूल नाही, हे कुठल्या ड्रायव्हरला कळणार? जवळच्या टायर दुकानातला माणूस रस्त्यावर धावला, मागच्या गाड्या त्याने थांबवल्या. नवा पूल वर्षाच्या आत, 5 जून 2017 रोजी सुरू झाला. मी अजूनही त्यावरून जाताना गाडीचा वेग कमी करतो.

पोलादपूर तसं छोटं, पण इथे चौफेर फाटे फुटतात. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात. कोंढाण्यावर 1670 साली ते पडले, तेव्हा देह इकडे आणला. डावीकडे आंबेनळी घाट प्रतापगडाच्या कुशीतून महाबळेश्वरला चढतो. तो रस्ता फार देखणा आणि तितकाच कठोर. 28 जुलै 2018ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी घेऊन सहलीला निघालेली बस त्या घाटात दरीत गेली, एकच जण वाचला.

आणि मग कशेडी. घाटाचा नियम साधा: ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. नवखा पोरगा उताराला गाडी सोडतो, नुसता ब्रेक दाबत राहतो, मग खाली येईपर्यंत लायनर जळल्याचा वास सगळ्या बसभर. वळणाआधी हॉर्न, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, टॅपवर, म्हणजे महामार्ग पोलिसांच्या चौकीपाशी, पाणी आणि चहा. भोगावजवळ तर दर पावसात रस्ता खचायचा आणि आम्ही श्वास रोखून गाडी काढायचो. 2023च्या गणपतीत एक बोगदा हलक्या गाड्यांना खुला झाला आणि तो सगळा वळणांचा खेळ काही मिनिटांत संपला. आजारी माणसाला मुंबईला नेताना बोगदाच बरा. त्यात दुमत नाही. पण सुट्टीवर निघालेल्या माणसाला कसली घाई?

तेव्हा एवढं करा. मुंबईहून निघाल्यावर गोवा एका दिवसात गाठायचा हट्ट सोडा आणि एक रात्र महाडला टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात आंबेनळी आणि महाडहून भोरकडे चढणारा वरंधा घाट दरडींमुळे बंद पडतात, वरंध्याला तर जड वाहनांना बंदी असते, म्हणून आदल्या दिवशी महाड किंवा पोलादपुरात चौकशी करूनच पुढे जा. आणि 20 मार्चला आलात तर गाडी गावाबाहेर लावा. त्या दिवशी तळ्यापर्यंत चालतच जावं लागतं.