धातूंच्या गोष्टी : 11 – चिमूटभर झिर्कोनियम

मॅग्नेशियमचा पत्रा वायूच्या दाबाने साच्यात कसा फुगवतात, ते आज सांगणार होतो. ते राहू द्या. पेणहून एका वाचकांनी विचारलंय, मीठ काढून झाल्यावर मिठागरात उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम असतं हे पटलं. पण त्या धातूत अर्धा टक्का दुसरं काही घातल्याने तो एवढा ताणला कसा जातो?

कडू पाण्याचं आधी उरकतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. मीठ आधी धरतं, मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात मागे राहतात. पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटतं ते त्यांच्याच अंशामुळे. डाऊ कंपनीने 1941 मध्ये टेक्सासमधल्या फ्रीपोर्टला समुद्राच्या पाण्यातून हा धातू काढायला सुरुवात केली.

आता त्या अर्ध्या टक्क्याच्या चिमटीकडे. तिने धातू मऊ होत नाही, बहुतेकांची गल्लत इथेच होते. सुपरप्लॅस्टिक, म्हणजे तापवल्यावर कितीतरी पट ताणल्या जाणाऱ्या धातूत कण एकमेकांवरून सरकतात आणि त्यासाठी ते साधारण 10 मायक्रॉनहून बारीक लागतात. दाबून, रेटून ते बारीक करता येतात. पंचाईत पुढेच. पत्रा तीन-चारशे अंशांना तापला की मोठे कण लहानांना गिळतात आणि काम अर्ध्यावर असतानाच गुण जातो. पाकात लिंबू पिळतो ते साखर पुन्हा धरू नये म्हणून. चिमटीचं काम तेवढंच. एझेड91 या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत 9 टक्के ॲल्युमिनियम असतं. त्याचे मॅग्नेशियमशी जुळून झालेले सूक्ष्म कण धातूच्या कणांच्या सीमा अडवून धरतात खरे, पण उष्णता वाढली की तेच विरघळू लागतात. थोडं कॅल्शियम घातलं तर ॲल्युमिनियम त्याच्याशी जुळतं आणि ते कण तापूनही टिकून राहतात.

झिर्कोनियम मात्र माझं लाडकं. वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये ते जेमतेम 0.6 टक्का विरघळतं, पण ओतकामातच कण बारीक करून ठेवतं. दोघांचे स्फटिक षट्कोनी, मापंही जवळपास सारखी. त्यामुळे गोठणारं मॅग्नेशियम झिर्कोनियमवरच थर धरत जातं. मग एझेड91 मध्ये ते का नाही घालत? कारण ॲल्युमिनियम दिसलं की झिर्कोनियम त्याच्याशीच संयुग करून तळाला बसतं. दोघं एका भांड्यात नांदत नाहीत.

म्हणून झेडके60 या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियमऐवजी जस्त आहे, सोबत अर्धा टक्का झिर्कोनियम. 2008 मध्ये फिगेरेडो आणि लँगडन यांनी हाच मिश्रधातू वळणाच्या साच्यातून रेटून घेतला आणि 200 अंशांना 3050 टक्के ताणला. म्हणजे एक सेंटिमीटरचे साडेएकतीस सेंटिमीटर! पूर्वी पिअर्सन यांनी एक नमुना 1950 टक्के ताणला होता. हा त्याच्याही पुढे गेला. श्रेय एकट्या झिर्कोनियमचं नाही, त्या रेटण्याचंही आहे. आणि त्यांनी ठेवलेल्या वेगाने हिशेब केला तर एवढं ताणायला साडेतीन दिवस लागतात. कारखान्यात एका पत्र्यासाठी एवढं कोण थांबणार?

विक्रम बाजूला ठेवून मला विचाराल तर आपल्याकडच्या कामाला कॅल्शियम बरं. यिट्रियमसारख्या महागड्या धातूपेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय त्याने मॅग्नेशियम सहजासहजी पेट घेत नाही. फक्त हात आवरता ठेवायचा. टक्क्याच्या पुढे गेलं की ओतकामात तडे जाऊ लागतात.

पत्रा फुगवायचा तो पुढच्या आठवड्यात.