दहावीचे वर्ष आणि खो-खोचे मैदान

जूनचा शेवटचा रविवार. बांद्यात पहाटेपासून पाऊस कोसळत होता. तेरेखोलचे पाणी गढूळ होऊन काठाला लागले होते आणि बाजारपेठेतली जुनी माणसे सवयीने नदीकडे एक फेरी मारून पाण्याचा अंदाज घेऊन येत होती. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला, त्यांची ही सवय आता जायची नाही. पण एवढ्या पावसातही गुणगौरव समारंभाचे सभागृह गच्च भरले होते. दारात छत्र्यांचा ढीग, ओल्या चपलांची रास, आणि आत पहिल्या दोन रांगांत नव्या कपड्यांत अवघडून बसलेली दहावी-बारावीची मुले. मी निवृत्त गणित शिक्षक. चार शब्द बोलण्यासाठी मला पाहुणा म्हणून बोलावले होते.

असे समारंभ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. सूत्रसंचालक नाव पुकारतो, टक्के सांगतो, टाळ्या होतात, गुलाबाचे फूल आणि पाकीट दिले जाते, फोटो निघतो, पुढचे नाव. याच ओघात एक मुलगी व्यासपीठावर आली. चौऱ्याण्णव टक्के. दोन्ही कोपरांवर खरचटल्याचे जुने वण, उजव्या गुडघ्याला पट्टा. सूत्रसंचालकाने टक्के वाचले आणि पुढचे नाव घेतले. ही मुलगी सातवीपासून खो-खो खेळते, दहावीच्या वर्षातही ती आपल्या संघाबरोबर घाट चढून विभागीय स्पर्धेला गेली होती, हे त्याच्या कागदावर नव्हतेच. माझ्या मागच्या खुर्चीवरून मात्र कुणीतरी हळूच म्हणाले, ''खेळाचे मार्क धरून आसतले ते!''

मी मागे वळून पाहिले नाही. पाहायला तोंड नव्हते, असेच म्हणा ना. कारण या मुलीची आई एकेकाळी माझी विद्यार्थिनी होती, आणि तिच्या बाबतीत माझ्या हातून जे घडले, ते इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितले नव्हते.

एका वर्षाचा प्रश्न

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. दहावीच्या मुलांचे जादा तास मी संध्याकाळी पाच वाजता घ्यायचो, आणि खो-खोचा सरावही नेमका पाचलाच असे. वर्गातल्या पहिल्या पाचांत असणारी एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस तासाला नसायची. खिडकीतून पाहिले की ती मैदानावर दिसायची. लाल मातीने माखलेला गणवेश, वेणी वर बांधलेली, आणि खांबाला अशी काही वळसा घालायची की पाठलाग करणारी मुलगी चार पावले पुढे निघून जायची. मला त्या पळण्यात वाया जाणारी भूमितीची प्रमेये दिसत होती.

मी तिच्या वडिलांना बोलावून घेतले. काजूची थोडीशी बाग आणि तुटपुंजी शेती असलेला सरळ माणूस. ''सर सांगतत ता बरोबर,'' एवढेच ते म्हणाले. मुलगी दाराशी उभी होती. तिने धीर करून म्हटले, ''सर, सातवीपासून खेळतंय. अभ्यास पण करतलंय, खेळतलंय पण.'' त्यावर मी तिची समजूत घातली, ''अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. मग आयुष्यभर खेळ.''

वाचकहो, शिक्षकाच्या तोंडून निघणाऱ्या खोट्या वाक्यांत हे वाक्य फार वरच्या क्रमांकाचे असेल. दहावीत मैदान सोडलेली मुलगी पुन्हा मैदानावर येत नाही. पुढे कॉलेजसाठी सावंतवाडीची एस.टी., मग बारावी, मग नोकरीची धडपड, मग लग्न. ते 'मग' कधी येतच नाही. ती दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळवून पास झाली. त्या काळात हे गुण उत्तम. पुढची कित्येक वर्षे मी पालकांना तिचे उदाहरण देत आलो : बघा, खेळ थांबवला आणि मुलगी चमकली.

गणिताच्या शिक्षकाने एका उदाहरणावरून सिद्धांत मांडावा, याहून लाजिरवाणे काय? खेळत राहिली असती तर तिला किती गुण पडले असते, हे मला ठाऊक नव्हते. ते कधीच कळणारही नव्हते. मी फक्त भ्यालो होतो, आणि माझ्या भीतीची किंमत तिने दिली होती.

दोन्ही डगरींवरची माणसे

दोन डगरींवर हात ठेवू नये असे आपल्याकडे म्हणतात. पण दोन्ही डगरी नीट सांभाळणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर घ्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एकाच रणजी सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली. वर्गात संस्कृत आणि मैदानावर चेंडू, यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही. १९९३ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी वयाचेही शतक पूर्ण केले होते.

अजित वाडेकर इंजिनीयर व्हायचे म्हणून विज्ञान शाखेत गेले. गणितात हुशार. कॉलेजला जाता-येता बसमध्ये भेटणाऱ्या बाळू गुप्ते यांनी त्यांना कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू म्हणून बोलावले, आणि तिथून त्यांची वाट वळली. १९७१ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. हिशेबी, शांत डोक्याचा कर्णधार अशी त्यांची ख्याती होती. पुस्तकाने त्यांच्या खेळाचे काही बिघडवले, असे कोण म्हणेल?

अलीकडचे उदाहरण मानसी जोशीचे. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सची अभियांत्रिकी पदवी घेतली, नोकरी सुरू केली. २०११ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात तिला एक पाय गमवावा लागला. लहानपणापासून बॅडमिंटन खेळलेली ही मुलगी कृत्रिम पाय लावून पुन्हा कोर्टवर उतरली आणि २०१९ मध्ये पॅरा-बॅडमिंटनची जगज्जेती झाली. शिक्षण हाताशी होते आणि लहानपणीचे मैदानही. गाठीशी असलेली कुठली गोष्ट कोणत्या दिवशी उपयोगी पडेल, हे आधी कोणी सांगावे?

आणि आपल्या मालवणकरांनी तर ऑलिंपिकपटू तहसीलदारच पाहिला आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी, २००८ मध्ये, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० च्या ग्वांगझूच्या एशियाडमध्ये त्याने कांस्यपदक आणले. आणि पुढे मालवणच्या तहसील कचेरीत साहेब म्हणून बसला.

ही मोठी नावे सांगून 'खेळा म्हणजे गुण वाढतील' असा दावा मी करणार नाही. एकदा खोटा सिद्धांत मांडून झाला आहे, दुसरा नको. खेळूनही नापास होणारी मुले असतात आणि न खेळता पहिली येणारीही असतात. माझे म्हणणे एवढेच की, ज्या मुलाला दोन्ही झेपते, त्याच्या हातातले एक आपण काढून घेऊ नये. त्याला दोन्ही झेपते की नाही, हे त्याला करू दिल्याखेरीज आपल्याला कळतही नाही.

घाटाखालची मुले

आमच्या कोकणाची एक गंमत आहे. शालान्त परीक्षेसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे स्वतंत्र कोकण मंडळ आहे, आणि २०१२ पासून निकालात ते राज्यात पहिले येत आले आहे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकणाचा ९८.८२. आम्हाला याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण शालेय क्रीडास्पर्धांत आमचा जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो. म्हणजे तालुका आणि जिल्हा जिंकून पुढे गेलेल्या पोराला कोल्हापूर, सांगली, सातारा इथल्या पोरांसमोर उभे राहावे लागते. तिथे तालमींची परंपरा, तिथे कोरडी मैदाने.

आणि इथे? शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो तो भर पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये आमच्या मैदानांवर घोट्यापर्यंत चिखल. खो-खोचा खांब पाण्यात उभा. मुले शाळेच्या पडवीत धावण्याचा सराव करतात, खडूने चौकोन आखून बसायचे-उठायचे शिकतात आणि पावसाने उघडीप दिली की मैदानाकडे पळतात. निकालात राज्यात पहिले येणारे आम्ही लोक, मुलांच्या डोक्यावर सरावापुरते एखादे छप्पर घालू शकलो नाही, हे सांगताना मान खाली जाते.

या मुलीचा दहावीतला दिवस मी तिच्या आईकडून समजून घेतला. पहाटे पाचला उठून दीड तास अभ्यास, कारण संध्याकाळी मैदानावरून आल्यावर डोळे मिटतात हे तिला ठाऊक होते. नाचणीची आंबील किंवा पेज पिऊन शाळा. संध्याकाळी सराव. रात्री गृहपाठ, साडेनऊला झोप. टीव्ही आणि मोबाईल रविवारी. स्पर्धेला जाताना एस.टी.त इतिहासाचे पुस्तक. डिसेंबरनंतर सराव आठवड्यातून दोनच दिवस, आणि हा निर्णय तिचा तिने घेतलेला. आई-वडिलांनी एकच केले : 'एका वर्षाचा प्रश्न आहे' हे वाक्य घरात उच्चारले नाही.

मागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या शेऱ्याबद्दलही सांगायला हवे. दहावी-बारावीच्या खेळाडूंना कामगिरीच्या पातळीनुसार क्रीडागुण मिळतात, कमाल पंचवीस. ते भीक म्हणून मिळत नाहीत. इतर मुले उजळणी करत असताना जे तास मैदानावर गेले, त्यांची ती अंशतः भरपाई आहे. परीक्षेतला एक गुण आपण घाम गाळून मिळवलेला मानतो. मग खरोखर घाम गाळून मिळवलेल्या गुणाला नाक का मुरडायचे?

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सातवीत संघात असलेल्या बारा मुलींपैकी दहावीत किती उरतात, हे कोणत्याही गावातल्या क्रीडाशिक्षकाला विचारून पाहा. कोणाला संध्याकाळी उशीर होतो म्हणून, कोणाला रंग काळवंडतो म्हणून, तर कोणाला माझ्यासारखा हितचिंतक भेटतो म्हणून थांबावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुली आणि मुलगे, दोन्ही संघ जिंकले; आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या प्रियांकाला दहावीत कोणी थांबवले असते तर?

समारंभात माझी पाळी आली तेव्हा लिहून आणलेले भाषण मी खिशातच ठेवले. सूत्रसंचालकाकडून यादी मागून घेतली आणि त्या मुलीला पुन्हा व्यासपीठावर बोलावले. ती कुठे, कोणत्या गटात, किती वर्षे खेळली, ते वाचून दाखवले. मग यादीतल्या इतर मुलांना विचारले, ''आणखी कोण काय खेळतं?'' आधी कोणी हलेना. मग एक मुलगा उठला, कबड्डी. एक मुलगी, कॅरम. एक बुद्धिबळ. एक रोज आरोंद्याच्या खाडीत पोहणारा. मिळून सात जण निघाले. त्यांच्या शेजारच्या घरात राहणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. मग मी तीस वर्षांपूर्वीची माझी चूक सांगितली. नाव घेतले नाही, पण तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले, ते मला दिसले.

कार्यक्रम संपल्यावर त्या भेटल्या. आता गोव्यात एका बँकेत अधिकारी आहेत; रोज पत्रादेवी ओलांडून जा-ये करतात. ''सर, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका,'' त्या म्हणाल्या. ''तुमच्या तासामुळे माझं गणित सुधारलं, ते आजही कामाला येतं.'' मग थोडे थांबून म्हणाल्या, ''पण त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात एका गुणाने हरला, तेव्हा मी घरी बसून गणितं सोडवत होते. ते मात्र अजून आठवतं.''

यावर काय उत्तर देणार? मी मुकाट्याने छत्री उघडली.

येत्या जूनमध्ये तुमच्याही गावात, तुमच्याही वाडीत असे गुणगौरव समारंभ होतील. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. यादीत टक्क्यांच्या शेजारी आणखी एक रकाना काढा : 'काय खेळतो, काय खेळते?' तो रिकामा राहिला तरी चालेल. निदान प्रश्न तरी विचारला जाईल. आणि ज्यांच्या घरी यंदा दहावीचे वर्ष आहे, त्या आई-बाबांनी मुलाचे बूट माळ्यावर टाकण्यापूर्वी एकदा त्यालाच विचारावे. तो कदाचित स्वतःहूनच म्हणेल, यंदा नको. म्हणाला तर जरूर ठेवा. पण म्हणणारा तो असू द्या.