घरातले फोटो, परदेशी गिऱ्हाईक

आमचा पहिला फोटो विकला गेला तेव्हा खात्यात ३३ सेंट जमा झाले. त्या दिवसाच्या दराने साधारण २७ रुपये. फोटो होता मिरजेतल्या आमच्या ओट्यावर परातीत पसरलेल्या शेवयांचा. कोणी घेतला, कुठे छापला, काही कळले नाही. या धंद्यात गिऱ्हाईक दिसत नाही, हे त्या दिवशी समजले. त्याचा खरा अर्थ कळायला मात्र आणखी दोन वर्षे जावी लागली.

'मोबाईलवरचे फोटो विका, महिना पन्नास हजार कमवा' असे व्हिडिओ पाहून ओळखीतली मुले आमच्याकडे येतात. बारावी झालेली, घराबाहेर नोकरी करू न शकणाऱ्या मुलीही येतात. म्हणून आधी पैशाचेच सांगतो. आम्ही नवरा-बायको चार वर्षे हे काम करत आहोत. एकजण फोटो काढतो, दुसरी रात्री मुले झोपली की त्यांची नावे आणि कीवर्ड लिहिते. आज आमचे ९०० च्या आसपास फोटो साइटवर आहेत आणि सरासरीने महिन्याला अडीच-तीन हजार रुपये येतात. गॅसचे, विजेचे आणि मुलाच्या शिकवणीचे भागते. घर चालत नाही.

पद्धत अशी. अडोबी स्टॉक, शटरस्टॉक यांसारख्या साइटवर वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही खाते उघडता येते. फोटो किमान चार मेगापिक्सेलचा लागतो, म्हणजे आजचा साधा फोनही चालतो. फोटो आपलाच राहतो. साइट गिऱ्हाइकाला तो वापरण्याचा परवाना विकते आणि आपल्याला वाटा देते. अडोबी फोटोवर ३३ टक्के देते. शटरस्टॉकवर वर्षभरातल्या विक्रीप्रमाणे १५ ते ४० टक्के मिळतात, पण १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. डिसेंबरात चढलेली शिडी जानेवारीत कोणीतरी काढून घ्यावी, तसे वाटते.

अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. खाते उघडतानाच डब्ल्यू-८बेन हा अर्ज पॅन क्रमांकासह भरला तर दोन्ही देशांमधल्या करारानुसार १५ टक्के जातात. न भरल्यास ३० टक्के. आम्ही पहिले सहा महिने तो भरला नव्हता. आळस, दुसरे काय. हे उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवायचे असते आणि तिथे कापलेल्या कराची सवलत मागता येते. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

फोटो नाकारले जाण्याची सवय करून घ्यावी लागते. अंधुक उजेडातला, हललेला फोटो जातोच, पण चांगलाही जातो. ईदच्या शेरखुर्म्याचा आमचा एक सुंदर फोटो परत आला, कारण कोपऱ्यात दुधाच्या पिशवीवरचे नाव दिसत होते. तेव्हापासून कुकरचा शिक्का, तेलाच्या डब्याचे लेबल, टी-शर्टवरचे चिन्ह, सगळे आधी बाजूला करतो. सणाचे फोटो सणाच्या दोन-तीन महिने आधी चढवावे लागतात, कारण मासिकवाले आणि जाहिरातवाले तेव्हाच शोधू लागतात. म्हणून यंदाच्या ईदला काढलेले फोटो पुढच्या ईदला विकले जातात. चांद्र वर्षामुळे ती दहा-अकरा दिवस आधी येते, हेही हिशेबात धरावे. कीवर्ड लिहिताना 'रमजान' आणि 'रमादान' दोन्ही शब्द टाकावेत. इथले लोक एक शोधतात, बाहेरचे दुसरा.

या साइटवर 'भारतीय मुस्लिम कुटुंब' शोधले तेव्हा जे समोर आले, त्यात आम्ही स्वतःला ओळखलेच नाही. चकचकीत पांढरी स्वयंपाकघरे, आखाती थाटाच्या सुरया, नाहीतर गर्दीत नमाज पढणाऱ्या पाठी. डोक्यावर पदर घेऊन बाजरीची भाकरी थापणारी दादी कुठे नव्हती. दस्तरखानावर स्टीलची ताटे नव्हती. शाळेच्या गणवेशात रोजा धरून पेंगणारे पोर नव्हते. आमचे फोटो विकले गेले ते याच कारणाने, कॅमेरा भारी होता म्हणून नव्हे.

फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर जाहिरातीच्या परवान्यासाठी त्या माणसाची सही असलेले संमतिपत्र लागते. त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. मुलांसाठी आई किंवा वडिलांची सही लागते. आम्ही घरच्यांच्या सह्या घेतल्या आणि काम संपले असे समजलो.

मामू तंबोरे बनवतात. मिरजेत हा हुनर शिकलगारांच्या घराण्यांपासून चालत आला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यावर लाकडी दांडी बसवली जाते. जोहरच्या नमाजनंतर कारखान्यातच तसबीह घेऊन बसलेल्या मामूंचा एक फोटो आम्ही काढला होता. पांढरी दाढी, टोपी, खिडकीतून येणारे ऊन. मामूंनी हसत सही केली. दीड वर्षाने पुण्यातल्या भाच्याने आम्हाला एका बातम्यांच्या पानाची लिंक पाठवली. फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाल्याची बातमी होती. आरोपी वेगळ्याच राज्यातला, वेगळ्याच वयाचा. वर फोटो मामूंचा.

आम्ही त्या पानाला लिहिले, साइटलाही कळवले. फोटोतल्या माणसाची बदनामी होईल असा वापर परवान्यात बसत नाही, त्यामुळे चार दिवसांनी फोटो उतरला. आम्हीही तो आमच्या खात्यातून काढला. पण आपण फोटो काढून टाकला तरी आधी विकलेले परवाने रद्द होत नाहीत. तोवर तो अकरा जणांनी घेतला होता. ते अकरा कोण, आम्हाला आजही माहीत नाही.

मामूंना सांगणे भाग होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या बातमीवाल्याकडून तुम्हाला किती मिळाले?" हिशेब काढला तर चाळीस रुपयांच्या आत होते. मामू थोडा वेळ भोपळ्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी हात काढ. तोंड नको."

फोटो काढावा की नाही याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि तो वाद सोडवण्याइतके आमचे इल्म नाही. पण दुसऱ्याचा चेहरा ही अमानत आहे, याबद्दल आमच्या मनात आता शंका नाही. सही घेताना आम्ही मामूंना खरे सांगितलेच नव्हते, कारण आम्हालाच ते ठाऊक नव्हते. आता सही मागण्याआधी समोरच्याला आमचा तो प्रसंग सांगतो. हा फोटो औषधाच्या, कर्जाच्या, आजाराच्या मजकुरासोबतही दिसू शकतो, आणि एकदा गेला की परत बोलावता येत नाही, हे मराठीत समजावतो. संमतिपत्र इंग्रजीत असते, पण सही करणाऱ्याने ते आपल्या भाषेत ऐकलेले असावे. निम्म्याहून जास्त लोक नको म्हणतात. जो हो म्हणतो त्याला त्या फोटोच्या कमाईचा अर्धा वाटा देतो. घरातल्या बायकांचे आणि मुलांचे चेहरे आम्ही विकायचे थांबवले.

कमाई थोडी घटली, पण बुडाली नाही. सध्या सर्वांत जास्त चालणारा फोटो घोडीवर जवारी लावणाऱ्या बोटांचा आहे. नखात लाकडाचा भुसा, अंगठ्यावर जुना व्रण, चार तारा. आता कॉम्प्युटरने बनवलेली चित्रेही या साइटवर येतात. त्यातल्या एका तंबोऱ्याला आम्ही सात तारा मोजल्या. मामूंना दाखवल्यावर ते खूप हसले आणि विचारू लागले, हा वाजवणार कोण.

बोटांच्या त्या फोटोचा अर्धा वाटा दर तीन महिन्यांनी त्यांना देतो. गेल्या वेळी ६४० रुपये झाले. त्यांनी ते मोजले आणि कारखान्यातल्या पोराला चहा आणायला पाठवले.