आज्ञावली एक, संगणकप्रणाली दोन

गेवराई तालुक्यातील उमापूरच्या शेतकऱ्याने पीककर्जासाठी संगणकावर सातबारा मागितला, की दूरच्या सर्व्हरवरील आज्ञावली नोंदी शोधून उतारा तयार करते. ती अडली की खेप वाया जाते. अडण्याचे एक कारण अगदी क्षुल्लक असू शकते. आज्ञावली पुष्कळदा विंडोज प्रणालीवर लिहिली जाते आणि लिनक्सवर चालविली जाते. विंडोजच्या रीतीने ओळीच्या शेवटी १३ व १० या क्रमांकांची दोन अदृश्य चिन्हे येतात. लिनक्समध्ये केवळ १०. आज्ञा कोणत्या दुभाष्याने वाचावयाच्या, हे पहिल्या ओळीत नमूद असते. लिनक्स ते जादा चिन्ह दुभाष्याच्या नावाचाच भाग मानते. मग फाइल समोर असूनही ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो!

मराठी मजकुरासाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करताना विंडोजचे जुने नोटपॅड आरंभी तीन अदृश्य बाइट घालीत असे. त्यानेही पहिली ओळ निकामी होते आणि दोष मात्र मराठीच्या माथी येतो. फाइलच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरेही लिनक्स भिन्न मानते.

जतन करतानाच युनिक्स पद्धतीचा ओळशेवट निवडावा, आरंभखूण टाळावी. काम करवून घेणाऱ्या कार्यालयाने सर्व्हरच्याच प्रणालीवरील चाचणीची अट करारात घालणे अगत्याचे आहे.