कूम्ब्स चाचणी : रक्तगट जुळल्यानंतरची तपासणी

"रक्तगट जुळला, पिशवीही आली, मग विलंब का?" असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

काही व्यक्तींच्या रक्तात तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ती पेशींवर लेपाप्रमाणे बसतात. परंतु बहुधा ती इतकी लहान असतात की दोन पेशींना एकत्र बांधू शकत नाहीत. त्यामुळे साध्या तपासणीत रक्त निर्दोष भासते. केंब्रिज येथील रॉबिन कूम्ब्स (हे मूळचे पशुवैद्यक), मूरंट व रेस यांनी १९४५ साली यावर उपाय मांडला. मानवी प्रतिपिंडांना धरणारे द्रव्य मिसळले की लेप असलेल्या पेशींचे पुंजके होतात.

वेळ लागतो तो पेशी धुण्यास. त्या सलाईनने तीन-चार वेळा धुवाव्या लागतात. रक्तद्रवाचा अंश जरी उरला, तरी त्यातील मोकळी प्रतिपिंडे ते द्रव्य खर्ची घालतात आणि दूषित नमुना निर्दोष ठरतो. म्हणून पुंजके न दिसल्यास मुद्दाम लेप दिलेल्या पेशी त्याच नळीत घालून पाहतात. त्यांचेही पुंजके झाले नाहीत, तर तपासणी पुन्हा आरंभापासून. ही शिस्त कंटाळवाणी खरी, पण तीत सवलत नाही.

नवजात बालकाची कावीळ किंवा स्वतःच्याच पेशींचा नाश करणारा रक्तक्षय यांत पेशींवरील लेप थेट तपासतात. अशा रक्तक्षयात पूर्णपणे जुळणारी पिशवी पुष्कळदा मिळतच नाही. तेव्हा प्रयोगशाळा व डॉक्टर मिळून त्यातल्या त्यात सुरक्षित रक्त निवडतात.

अप्रत्यक्ष चाचणीत रक्तद्रवातील प्रतिपिंडे शोधतात. आर-एच निगेटिव्ह गरोदर स्त्रीस ती आवश्यक आहे. बालक पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. गर्भपातानंतरही ते द्यावे लागते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. मातेच्या रक्तात ही प्रतिपिंडे एकदा तयार झाली, की त्या इंजेक्शनचा उपयोग राहत नाही.

पूर्वी आढळलेली प्रतिपिंडे काही वर्षांनी चाचणीत दिसेनाशी होतात व पुन्हा तसेच रक्त मिळताच वेगाने परततात. यास्तव नातेवाईकांनी रुग्णाचे जुने अहवाल जपून ठेवावेत आणि पूर्वी रक्त दिले गेले असल्यास ते दाखल होतानाच सांगावे, ही विनंती.